कोरं पाणी

हट्टा गावचे चित्रकलेचे निवृत्त सर मे महिन्यात लेकीकडे राहायला जातात. लेकीचं घर सिद्धेश्वर धरणाच्या काठाला. मागच्या पडवीतून उतरलं की गाळपेराचे टरबूज-काकडीचे वेल, मग भेगाळलेला गाळ, मग पाणी. जेवणं आटोपली की जावई ओसरीत घोरू लागतात, कुत्रं रांजणाच्या ओलीत पोट टेकतं आणि सर पाट मांडून बसतात. नावाला आराम. भांडण दर वर्षी याच वेळेला, याच पाण्याशी.

दुपारी एक ते तीन पाणी निळं नसतं, पांढरं असतं. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद, तो राखायचा, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण कड कुठं तोडायची? सरळ तोडली तर पत्रा दिसतो. पुसट केली तर धुकं होतं, आणि हिंगोली जिल्ह्यातलं मे महिन्यातलं धुकं कोण खरं मानणार? त्यात झळा. पातळ रंगाचा वॉश अर्ध्या कागदावर येईतो वरचा भाग सुकून कडक रेघ उमटलेली. सरांनी रंगाच्या पाण्यात ग्लिसरीन घातलं. मध घातला, तर मुंग्या लागल्या. कागदाखाली ओलं गोणपाट अंथरलं, तर ओल टिकली, पण रंग सैल सुटला आणि कड हातात राहीना. भरीला पाणीही जागेवर थांबत नाही. वर येलदरी धरणातून पाणी सोडलं की इथं चढतं, कालव्याला सोडलं की उतरतं. सोमवारी काढलेली काठाची रेघ गुरुवारी खोटी ठरते.

हळदीचं तसं नाही. वाळत घातलेल्या हळदीचं अंगण सर झोपेतही काढतील. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तशा चित्रांना गिऱ्हाईकही आहे. ती ते विकतात आणि त्यांच्याबद्दल बोलत नाहीत.

बोलतात ते आबालाल रहिमानांबद्दल. १८८८ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये व्हाइसरॉयचं पदक मिळवलेला हा माणूस मुंबई सोडून कोल्हापुरात परतला आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हेच पाणी आयुष्यभर रंगवत राहिला. १९२२ साली शाहू महाराज गेले, त्यानंतर आबालालांनी आपली पुष्कळ चित्रं तळ्यात बुडवली असं सांगतात. ‘त्यांचं कोटितीर्थ, माझं सिद्धेश्वर,’ असं सर दोन-तीनदा चारचौघांत म्हणून गेले आहेत. हे जरा जास्तच झालं हे त्यांनाही कळतं. एकदा त्यांनीही रागाने दोन चित्रं पाण्यात सोडली होती. जाड कागद, बुडेचना. संध्याकाळी एका गुराख्याने काठाला लागलेली चित्रं उचलून, वाळवून, घरी आणून दिली.

नव्या मंडळींवर त्यांचा राग आहे. मोबाइलवर फोटो काढून घरात पंख्याखाली चित्र करतात, आणि फोन तर असल्या पाण्यालाही निळं करून देतो. वीस मिनिटांत प्रात्यक्षिक आटोपून टाळ्या घेणाऱ्यांचा तर ते विषयच काढू देत नाहीत. शाळेतही तेच. चित्रकलेच्या इंटरमीडिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी आली की दहावीत सात गुण वाढतात. पालक त्या सातांचं विचारायला यायचे, चित्राचं कोणी विचारलं नाही. यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं, आपल्याला प्रात्यक्षिकाला कोणी बोलावलं नाही याचं.

आणि हट्ट्याच्या घरी बैठकीत या पाण्याचं जमलेलं एक चित्र टांगलेलं आहेच. अकरा वर्षांपूर्वीचं. मधोमध फाटक्या कडेचा कोरा तुकडा, त्यात सगळी दुपार. प्रदर्शनात लोक त्यापुढे थबकायचे. एकाने विचारलं, हे कसं साधलं? सर म्हणाले, ‘सोडता यावं लागतं.’ खरं असं की वॉश टाकताना लेकीने चहाला हाक मारली होती. परत येतात तो वॉश होता तिथंच सुकलेला, खालचा कागद कोरा. शिवी हासडून त्यांनी ते तसंच ठेवून दिलं. तेव्हापासून तो तुकडा मुद्दाम जमवायचा खटाटोप चालला आहे, आणि मुद्दाम तो जमलेला नाही.

गेल्या दिवाळीपासून उजवा हात कापतो. आता कोरडा कुंचला कागदावरून ओढला की कड आपोआप तुटते, ठिकठिकाणी कागद डोकावतो. परवा एक जुना विद्यार्थी पाहून म्हणाला, सर, पाणी चमकतंय! सर दिवसभर त्याच्याशी धड बोलले नाहीत. आधी चहाने काढलं, आता आजार काढतोय. मग चाळीस वर्षं आपण काय केलं, असं लेकीजवळ पुटपुटले. दुसऱ्या दिवशी मात्र त्या चित्रावर सही केली. नेहमीपेक्षा मोठी.

यंदा नात शेजारी पाट घेऊन बसते. आठवीत आहे. मधेच म्हणाली, ‘आबा, घरच्या चित्रातलं ते पांढरं मुद्दाम ठिवलं व्हतं का?’

सरांनी पाण्याकडे बघितलं. ‘चहा प्यायला उठलो होतो.’

तिला वाटलं, आबा काही तरी लपवतायत. तरी तिने वॉश अर्ध्यावर सोडला, कुंचला पाण्याच्या डब्यात खोचला आणि ‘मग मीबी चहा पिऊन येते,’ म्हणत आत पळाली.

टोक वाकेल म्हणून सरांनी तो कुंचला काढला, धोतराच्या सोग्याला टिपला आणि पाटावर आडवा ठेवला.