लिटरभर पेट्रोल

आमचे बाबा मोपेडवरून सावर्ड्याच्या वाड्यावाड्यांत पाव विकतात. रोज लिटरभर पेट्रोल लागते. मे 2020 मध्ये त्या लिटरवर केंद्राचा कर 32.98 रुपये झाला, राज्याचा निराळा. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये तो उतरला, पण पावाचा भाव काही बाबांना तसा खालीवर करता येत नाही. आठ आणे वाढवले तरी गिऱ्हाईक कुरकुरते.

पेट्रोल महागले तर धूर कमी होईल, असे वर्गात ऐकतो. पटतेही. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालेले पाहिलेला माणूस पावसापाण्याच्या लहरीवर हसणार नाही. पण पहाटे आमच्या वाडीत एसटी येत नाही, मग पेट्रोल सोडायचे कसे? विजेची मोपेड घ्यावी, तर तिला एकरकमी पैसे लागतात. पेट्रोल मात्र रोजच्या गल्ल्यातून भरता येते. (गरिबाला महागाची वस्तू नेहमी सुटीच मिळते!)

मार्च 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींना 6 टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचे सांगितले. तो घेतला असता, तर त्यातून एखाद्या पाववाल्याला विजेच्या मोपेडसाठी बिनव्याजी कर्ज देता आले नसते का?