भोंगा

सोलापूरच्या आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. १८७७ साली गावात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढं गिरण्या वाढत गेल्या, तसं सगळं गाव भोंग्यावर चालायला लागलं. पहिल्या भोंग्याला आई स्टोव्ह पेटवायची, दुसऱ्याला आप्पा डबा अडकवून सायकलवर टांग टाकायचे. ज्यांचा गिरणीशी संबंध नव्हता त्यांचंही तेच. शेजारचे मास्तर भोंग्यावरच दाढीला बसत.

आप्पांना भाजीला पाठवलं तर दोन तासांनी परत येत आणि पिशवीत भाजीऐवजी जुन्या बाजारातला सायकलचा डायनामो असे. पण कामावर उशीर एक दिवस नाही. आई म्हणायची, "ह्यांचा संसार मी नाही, भोंगा करतो."

नव्वदच्या दशकात गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आमचीही. आप्पांची आंघोळ दुपारी तीनला जायला लागली, जेवायचं राहून जायला लागलं, अर्धवट उघडलेले रेडिओ घरभर पसरले. नोकरी गेल्याचं दुःख, असं आम्ही म्हणत राहिलो. तेही होतंच.

पुढं मी न्यू जर्सीत आले. लेक दुसरीत असताना डॉक्टरीणबाईंनी त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाण्याची अवस्था, असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला असं?" मी ठामपणे नाही म्हटलं. गाडीत बसून पट्टा लावताना तो डायनामो आठवला.

आमच्या वस्तीत सकाळ झाली तरी कळत नाही. दूधवाला नाही, बांग नाही, देवळातली घंटा नाही, कुणाच्या घरचा कुकरसुद्धा ऐकू येत नाही. शाळेची पिवळी बस ८:१० ला कोपऱ्यावर येते आणि निघून जाते. तोवरची सगळी वेळ माझ्या तोंडून वाजायची. दात घास. घासलेस? मोजे. अरे मोजे! मीच भोंगा झाले होते. फरक एवढाच की गिरणीचा भोंगा कुणावर चिडत नसे, आणि काल कुणी उशीर केला होता हे त्याच्या लक्षात नसे.

रसेल बार्कली हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडीएचडी असलेल्या मुलांना वेळेचं आंधळेपण असतं असं म्हणतात. काय करायचं ते त्यांना ठाऊक असतं. ठाऊक असलेलं त्या क्षणी हातून होत नाही. म्हणून आठवण मुलाच्या डोक्यात कोंबायची नाही, जिथं काम तिथं टांगायची. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही सहा वर्षांखालच्या मुलांसाठी औषधाआधी आईबापांच्या प्रशिक्षणावर भर देतात. आमचा मोठा होता, त्याला औषधही सुरू झालं. पण शिकवणी खरी माझीच झाली.

दात घासण्याची चार चित्रं आरशाला चिकटवली. दप्तर रात्रीच दाराशी, बूट त्याच्यावर. सूचना एका वेळी एकच, तीही जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. स्वयंपाकघरातून ओरडून नाही. गृहपाठ दहा-दहा मिनिटांचा, मधे जिन्यावरून वर-खाली दोन फेऱ्या. काम झालं की लगेच बरणीत एक गोटी. "महिन्याअखेर सायकल घेऊ" याचा उपयोग शून्य, कारण महिनाअखेर त्याच्या जगात नसतेच.

आणि एक घड्याळ आणलं. १९९४ साली सिनसिनाटीच्या जॅन रॉजर्स नावाच्या आईनं, "अजून किती वेळ?" असं सारखं विचारणाऱ्या आपल्या चार वर्षांच्या मुलीसाठी ते तयार केलं. त्यात उरलेली वेळ लाल चकतीसारखी दिसते आणि आक्रसत जाते. काटे वाचायला नकोत. पहिल्या दिवशी लेक नुसता त्याच्याकडे बघत बसला आणि त्या नादात दात घासायचे राहिले.

तीन आठवड्यांत आरशावरची चित्रं त्याला दिसेनाशी झाली. रंग बदलून पुन्हा लावली, परत तीन आठवडे. मार्चमध्ये इथं घड्याळं एक तास पुढं सरकवतात, तेव्हा जुळवलेलं सगळं विस्कटतं. नेटकी रंगीत वेळापत्रकं करून "बघा किती सोपं" म्हणणाऱ्या बायकांचा मला अजून राग येतो. सोपं नाही. पण माझा आवाज खाली आला, आणि सकाळी आम्ही एकमेकांकडे बघून हसू शकलो, हे त्या लाल चकतीनं केलं.

गेल्या वर्षी आप्पा सहा महिने राहून गेले. पहिल्याच सकाळी ते चकतीसमोर खुर्ची ओढून बसले.

"वाजत न्हाई व्हय हे?"

"शेवटी बारीक टिंग करतं, आप्पा."

"एवढ्यानं काय हुतंय?"

लेकानं विचारलं, "आबा, तुमचा भोंगा किती मोठा होता?"

आप्पांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले, श्वास ओढला आणि सोडला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, समोरच्या घराचा पडदा हलला. लेक एक मोजा हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिला. "परत, आबा!"

आप्पांनी परत केलं. मग लेकानं केलं. मग दोघांनी मिळून. टिंग झालं ते मला एकटीलाच ऐकू आलं, आणि बस चुकली.