मऊ घास

इंदुरात पोह्यांवर शेव, भाजीत शेव आणि कोणाची हौस असेल तर वरणभातावरही शेव! अशा गावात वयाच्या ४७व्या वर्षी आमच्या दातांना तारा बसल्या. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढले होते. फटींत अन्न अडके, घासताना हिरड्यांतून रक्त येई. डॉक्टरांनी आधी हिरड्यांवर उपचार केले आणि मग तारांचा सल्ला दिला. “आता या वयात?” हा प्रश्न आम्ही विचारला, आमच्या सौ.नी विचारला आणि पुढे ओळखीच्या प्रत्येकाने विचारला.

त्याचे उत्तर, मुलांनो, तुम्हालाही आवडेल. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे पातळ अस्तर असते. तारेचा हलका दाब सतत राहिला की दात ज्या बाजूला ढकलला जातो, तिकडचे हाड हळूहळू झिजते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवे हाड भरते. हाडाची ही मोडजोड जन्मभर चालू असते, म्हणून पन्नाशीच्या घरातही दात सरकू शकतो. वेग मात्र सावकाश, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. त्यामुळे उपचार दीड-दोन वर्षे चालतो आणि दर काही आठवड्यांनी तार कसून घ्यावी लागते.

तार कसली की दोन-तीन दिवस दात असे ठणकतात की पोळीचा घासही नकोसा होतो. चिक्की, चकली, ऊस, कडक बुंदीचा लाडू यांवर तर पूर्ण बंदी, कारण दातावर चिकटवलेले बारीक ठोकळे त्याने निखळतात. पहिल्या आठवड्यात आम्ही दूध, ताक आणि पेज यांवर दिवस काढले. पोट भरे, पण अंगात त्राण राहीना. तासाला उभे राहून फळ्यावर लिहिताना हात जड वाटे.

मग सौ.नी किसणी, खलबत्ता आणि कुकर यांच्याकडे मोर्चा वळवला. भुट्टा दाताने तोडता येत नाही ना? मग किसून, फोडणीला घालून, दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस आहेच! सराफ्यात रात्री ज्यासाठी गर्दी होते, तो पदार्थ तारवाल्यांसाठीच निघाला असावा, असे आम्हाला वाटू लागले. बाफले आधी उकडून मग भाजतात. ते वरणात चुरून वर तूप सोडले की चावण्याचे काम उरतच नाही. पोहे खावेत, शेव वगळून. गुरगुट्या भातावर मेतकूट, मुगाची खिचडी, पिठले, दुधात कुस्करलेली भाकरी, इडली, दही, उकडलेले अंडे यांनी ताकद टिकते. सफरचंद किसून किंवा पातळ फोडी करून खावे. खीर आणि शिरा मऊ खरे, पण गोड तारेभोवती राहिले तर दात किडतात. म्हणून खाल्ल्यावर चूळ भरणे आणि बारीक ब्रशने तारेखालून साफ करणे चुकवू नये.

एक गंमतही झाली. तार धरून ठेवणारी पारदर्शक रबरे आमटीच्या हळदीने चार दिवसांत पिवळीधमक झाली. लग्नानंतर २१ वर्षांनी आम्हाला दुसऱ्यांदा हळद लागली, असे सौ. सर्वांना सांगत असतात.

घरात मऊ जेवणारे आम्ही पहिले नव्हतो. आमची आई ७८ वर्षांची आहे, तिला कवळी आहे. तिचा मऊ भात नेहमीच वेगळा निघतो आणि तिचे जेवण सर्वांच्या शेवटी संपते. पूर्वी आमची ताटे उचलली जात, तेव्हा तिचे निम्मे जेवण व्हायचे असे. आता आम्हीही तितकेच सावकाश जेवतो, म्हणून शेवटपर्यंत दोन पाने असतात. त्या वेळात ती तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगते. भाताची चव तिला आता अधिक लागते, असे ती म्हणाली. भात तर तोच आहे.

शाळेत आठवीच्या वर्गातल्या तिघांना तारा आहेत आणि या विषयात ते आमचे सीनियर आहेत. तारेचे टोक गालाला टोचले तर त्यावर मेणाची गोळी कशी दाबायची, हे त्यांनीच आम्हाला शिकवले. त्यातली एक मुलगी तार कसलेल्या दिवशी डबा उघडतच नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. पोळी चावत नाही, सुट्टी संपत येते आणि शेजारच्या मुली तिच्याकडे बघत बसतात.

म्हणून पालकांना एवढीच विनंती, की त्या दोन-तीन दिवसांत डब्यात पोळीभाजीऐवजी खिचडी, उपमा किंवा दहीभात आणि सोबत चमचा द्यावा. शिक्षकमित्रांनी घंटेनंतर त्यांना पाच मिनिटे अधिक द्यावीत. आणि मुलांनो, तुमच्या शेजारचा सावकाश जेवत असेल, तर आपला डबा संपला तरी त्याच्याजवळ बसून राहा.