हे कशावरून?

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच वाक्य लिहिते : डीएनएच्या प्रत्येक नव्या रेणूत एक साखळी जुनी असते आणि एक नवी. मुलं माना डोलावतात. बारावीपासून पाठच आहे. मग मी विचारते, "हे कशावरून?" वर्ग गप्प.

माझा विषय इथून सुरू होतो. मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८चा प्रयोग मी मुद्दाम दोन तास पुरवते. त्यांनी ई. कोलाय जिवाणू कितीतरी पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले आणि मग एकदम साध्या नायट्रोजनवर आणले. डीएनए काढून सिझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगानं फिरवला, की जड रेणू खाली थांबतो, हलका वर. एका पिढीनंतर पट्टा दिसला एकच, मधोमध. जुना रेणू अख्खाच्या अख्खा टिकत असता, तर दोन दिसायला हवे होते. ती कल्पना बाद. पण जुने-नवे तुकडे दोन्ही साखळ्यांत मिसळत असतील, तरी पट्टा मधेच येईल! इथे मी थांबते आणि दुसऱ्या पिढीनंतर काय दिसेल, ते प्रत्येकाला वहीत काढायला लावते. तुकडे मिसळत असतील तर एकच पट्टा, जरा वर सरकलेला. नाहीतर दोन : एक मधला, एक हलका. दिसले दोन. तो क्षण मुलांच्या चेहऱ्यावर बघायला मला दरवर्षी तितकंच आवडतं.

या वर्षात मूळ शोधनिबंध वाचावे लागतात, बायोकेमिस्ट्री उजळावी लागते, पाठांतर फारसं उपयोगी पडत नाही. तरीही परीक्षेत 'टीपा लिहा' सुटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रॅक्टिकलला तर 'हे कशावरून?' हा प्रश्न हातात येतो. पीसीआर करताना एका नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी घालायचं, बाकी सगळं तेच. जेलवर त्या लेनमध्ये काहीही दिसता कामा नये. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या जेलवर अतिनील प्रकाशात सुरेख पट्टे उमटले. पाण्याच्या लेनमध्येही, अगदी त्याच उंचीवर. "मॅडम, बाकीचं तर बरोबर आलंय ना?" त्यानं विचारलं. बाकीचं बरोबर आहे हे सांगणारी लेन तीच होती. कुठूनतरी डीएनए मिसळला होता, म्हणजे इतर पट्ट्यांवरही विश्वास ठेवता येणार नव्हता. चार दिवस तो एकेक गोष्ट बदलत गेला : पाणी, बफर, एन्झाइम, शेवटी प्रायमरची नळी. दोष त्या नळीत निघाला.

पाचव्या दिवशी जेलचा फोटो घेऊन तो धावत आला आणि सगळ्यात आधी त्यानं बोट ठेवलं ते पाण्याच्या काळ्याकुट्ट, रिकाम्या लेनवर.