गोऱ्हा की कालवड?

वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो. ते वत्स गोऱ्हा आहे की कालवड, हे शास्त्राने विचारलेले नाही. विचारतो तो गोठ्याचा मालक.

आमचा वर्धा जिल्हा गवळाऊ गाईंचा. जात पांढरीशुभ्र, अंगाने हलकी. बैल तर धावण्यात मोठे तरबेज. त्यामुळे नालवाडीत पूर्वी गोऱ्ह्याचा मान काही कमी नव्हता. पुढे ट्रॅक्टर आला, आणि 'गोऱ्हा झाला' म्हणताच मालकाचा चेहरा उतरू लागला. माणसांच्या घरात नेमके उलटे! तिथे चेहरे उतरतात ते मुलगी झाली म्हणून.

मौज अशी की दोन्हीकडे निकाल बापाच्या बीजात असतो. गाईच्या प्रत्येक बीजांडात एक्स गुणसूत्रच असते. वळूच्या निम्म्या शुक्रजंतूंत एक्स, निम्म्यांत वाय. नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५ साली पिठातल्या किड्यांवरून ही गुणसूत्रांची गोष्ट उलगडली. तरी बोल लागतो तो सुनेलाच! कोंबड्यांत मात्र पिलू नर की मादी हे खरोखरच आईकडून ठरते. कोंबडा नुसता आरवतो. आणि वेळासच्या किनाऱ्यावरची कासवे तर हा कारभार वाळूवर सोपवून समुद्रात निघून जातात. वाळू ऊन असली की माद्या अधिक, गार असली की नर.

आता वळूचे एक्स आणि वाय शुक्रजंतू यंत्राने वेगळे करता येतात. एक्समध्ये जनुकद्रव्य शेकडा सुमारे ४ ने अधिक, तेवढ्यावर ही निवड चालते. तसली कांडी भरली आणि गाय गाभण राहिली, की दहांत नऊ वेळा कालवड. माणसाच्या गर्भाचे लिंग तपासण्यावर महाराष्ट्राने १९८८ सालीच निर्बंध घातले. गोठ्यातल्या निवडीला सरकार अनुदान देते. मला यात विसंगती दिसत नाही. २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे, पोसायला कोणी तयार नाही. गोऱ्हा रस्त्यावर सोडण्यापेक्षा तो न जन्मलेला बरा.

पण याच नालवाडीत, पवनारला जाण्याआधी, विनोबा राहत. इथल्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर आपल्या मरणाने मेलेल्या जनावरांचे कातडे कमावीत. त्या हिशेबात गोऱ्हा फुकट जात नव्हता.

शेजारची गाय कार्तिकात व्यायची आहे. कांडी साधीच भरली होती. घरातली पोरे गोऱ्ह्यासाठी देव पाण्यात घालून बसली आहेत. पुढच्या तान्ह्या पोळ्याला त्यांना लाकडी बैल नको आहे.