माळकऱ्याच्या घरातला शिकारी

आमचं घर माळकरी. आणि मी एम.एस.ला टक्सनला येऊन चक्क सशाची शिकार बघायला गेलो! शेजारच्या काकांकडे हॅरिस ससाण्यांची जोडी आहे, रीतसर परवाना काढून पाळलेली. पायात घुंगरू आणि रेडिओ ट्रान्समीटर. उडवण्याआधी दोघांचं वजन ग्रॅममध्ये करतात. पोट भरलेलं असेल तर पक्षी परतायची खात्री नाही.

बहुतेक शिकारी पक्षी एकांडे. हे मात्र टोळीने शिकार करतात. न्यू मेक्सिकोत २ ते ६ पक्ष्यांच्या टोळ्या अभ्यासून जेम्स बेडनार्झ यांनी १९८८ साली हे मांडलं.

ससा काटेरी झुडपात शिरला. नर पायीच आत घुसला, मादी वर दबा धरून बसली. ससा बाहेर पडला आणि संपला. काकांनी दोघांनाही वाटा दिला.

पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू? पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. काट्यात घुसणाऱ्याच्या हाती ससा लागतच नाही, तरी तो घुसतो. रानातसुद्धा शिकार वाटून खातात, म्हणूनच टोळी टिकते. दोस्तहो, फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये आपल्यातला कोण काट्यात घुसतो, आणि त्याचा वाटा कोण ठेवतो?