अखेरच्या गुणसूत्राची हरकत

पेशीविभाजनाच्या ज्या चार अवस्था शालेय पाठ्यपुस्तकांत चार आकृत्यांनी दाखविलेल्या असतात, त्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या आकृतीमधील कोरी जागा हाच माझ्या अभ्यासाचा विषय आहे. दुसऱ्या आकृतीत गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी एका रेषेत उभी असतात. तिसरीत प्रत्येकाचे दोन भाग होऊन ते विरुद्ध ध्रुवांकडे निघालेले असतात. वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशींत हा सारा क्रम अवलोकून १८८२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून काय घडते हे विद्वानांस ठाऊक होते. परंतु निघण्याची आज्ञा कोठून सुटते आणि ती त्याच क्षणी का सुटते, हा प्रश्न पुढे शतकभर अनुत्तरित राहिला.

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. विभाजनापूर्वी प्रत्येकाची हुबेहूब प्रत तयार होते आणि मूळ व प्रत ही जुळी अर्धगुणसूत्रे कोहेसिन नामक प्रथिनाच्या कड्यांनी एकत्र बांधली जातात. पुढे दोन्ही ध्रुवांकडून येणारे तर्कुतंतू या जोडीतील एकेका अर्धगुणसूत्राला पकडतात व आपापल्या दिशेने ओढू लागतात. कडी तुटली नाही तोवर जोडी मध्येच ताणलेली राहते. आता ज्या विकराने ही कडी तोडावयाची, ते सेपरेज पेशीत आधीपासूनच हजर असते, हे मला या साऱ्या कारभारातील सर्वांत विलक्षण वाटते. आज्ञा सुटल्यावर ते घडविले जात नाही. ते सिद्धच असते, मात्र सिक्युरिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने त्याला जखडून ठेवलेले असते. सिक्युरिनला नाशाची खूण लावणारी एक मोठी प्रथिनयंत्रणाही तयारच असते, पण तीदेखील मनाईहुकुमाखाली. म्हणजे पेशीचा अंमल प्रेरणेचा नसून प्रतिबंधाचा आहे, आणि हा प्रतिबंध कोण जारी करते याचे उत्तर जितके साधे तितकेच विस्मयकारक आहे: ज्याला अद्याप तर्कुतंतूंनी धरलेले नाही, ते गुणसूत्र स्वतःच.

हे निर्विवाद सिद्ध करणारे दोन प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाले, आणि प्रयोगाच्या सौंदर्याविषयी विद्यार्थ्यांशी बोलताना मी नेहमी त्यांचाच दाखला देतो. अमेरिकेत कॉनली रीडर आणि त्यांचे सहकारी ऑस्ट्रेलियातील पोटोरू या लहानग्या प्राण्याच्या संवर्धित पेशी पाहत होते. या पेशी विभाजनातही चपट्या राहतात व त्यांची गुणसूत्रे थोडी व मोठी असतात. (आपल्या सह्याद्रीतील भेकराच्या मादीत तर ती अवघी ६ व नरात ७ असतात, आणि म्हणूनच भेकराच्या पेशीही या अभ्यासात फार मोलाच्या ठरल्या आहेत.) एक गुणसूत्र मागे रेंगाळले की, बाकी सर्व जागच्या जागी असूनही पेशी थांबून राही. रीडर यांनी लेसरच्या सूक्ष्म किरणाने त्या रेंगाळलेल्या गुणसूत्राची तंतू पकडणारी जागा, म्हणजे कायनेटोकोर, नष्ट केली. गुणसूत्र अजूनही सुटेच होते. केवळ त्याची हरकत नोंदविणारे साधन गेले होते. आणि काही मिनिटांतच पेशीने विभाजन सुरू केले. सर्वांची पाने वाढून झाल्यावाचून कोणी घासाला हात लावू नये, अशी पंगतीची जी रीत, तीच येथे रेणूंच्या पातळीवर पाळली जात होती.

दुसरा प्रयोग ड्यूक विद्यापीठातील ब्रूस निक्लस यांच्या प्रयोगशाळेतला. आपण ज्याला खंडोबाचा किडा म्हणतो, त्या कीटकाच्या शुक्रपेशी घडत असताना एखादे लिंगगुणसूत्र कधी कधी जोडीदारावाचून सुटे राहते. ते एकाच ध्रुवाला जोडले जात असल्याने त्याच्यावर ताण येत नाही, आणि पेशी तासन् तास खोळंबते. तेथे काचेच्या अतिसूक्ष्म सुईने त्या गुणसूत्राला नुसते ओढून धरले गेले. ताण खोटा होता, पण पेशीची खातरजमा झाली आणि सुमारे तासाभरात विभाजन पुढे गेले. ज्या जनुकांवाचून ही वाट पाहणे अशक्य होते, ती यीस्टमध्ये १९९१ सालीच सापडली होती. कोहेसिन प्रत्यक्ष तोडले जाते याचा पुरावा १९९९ साली किम नॅस्मिथ यांच्या व्हिएन्नातील प्रयोगशाळेने दिला. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन हे औषध याच मनाईचा उपयोग करते: ते तर्कुतंतू बनू देत नाही, हरकत उठत नाही, आणि कर्कपेशी तिष्ठत राहून अखेर मरते.

एवढा कडेकोट बंदोबस्त असूनही चूक होते, आणि ती सर्वाधिक होते मानवी बीजांडात. मुलगी आपल्या आईच्या उदरात असतानाच तिची बीजांडे तयार होतात, त्यांतील गुणसूत्रे कोहेसिनने बांधली जातात, आणि त्याच अवस्थेत ती पंधरा, तीस, प्रसंगी चाळीस वर्षे थांबतात. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, या दीर्घ मुक्कामात जुन्या कड्यांच्या जागी नव्या कड्या येत नाहीत. त्या झिजतच जातात. शिवाय बीजांडातील तपासणीही इतर पेशींइतकी कडक नसते. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचे गुणसूत्र एक अधिक असते, हे १९५९ साली पॅरिसमध्ये उघड झाले; बहुतेक प्रसंगी ते मातेच्या बीजांडातून आलेले असते, आणि पंचविशीतील मातांत सुमारे १,२०० प्रसूतींमागे एक असलेले हे प्रमाण चाळिशीत सुमारे १०० मागे एक इतके वाढते.

या मातांना आपल्या समाजात काय काय ऐकावे लागते, हे मी पाहिले आहे: गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, नको ते खाल्ले, कुळाचार चुकला. यांपैकी एकाही गोष्टीचा त्या गुणसूत्राशी संबंध नाही. ज्या कड्या निसटल्या, त्या ती स्वतः गर्भात असताना बांधल्या गेल्या होत्या. ज्या वाचकांच्या घरी वा शेजारी असे मूल असेल, त्यांनी एवढे त्या आईला आणि विशेषतः तिच्या सासरच्या मंडळींना समजावून सांगावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.